'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद कुणाचं ऐकतं? उत्तर आपल्या मराठीतच दडलंय

'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स ____ रेडी.' रिकाम्या जागी काय येईल? 'इज' की 'आर'?

वाक्य जेमतेम सात-आठ शब्दांचं आहे. तरीही इथे अनेकांचं बोट स्क्रीनवर थबकतं. कुणी म्हणतं, टीचर एकच आहे, म्हणून 'इज'. कुणी म्हणतं, टीचर आणि स्टुडंट्स मिळून बरेच जण झाले, म्हणून 'आर'. कुणाला क्लासमध्ये पाठ केलेलं आठवतं, 'दुसरा कर्ता बघायचा'. स्टुडंट्स अनेक, म्हणून तेही 'आर' म्हणतात.

बरोबर उत्तर 'आर' आहे. पण गंमत पुढे आहे. 'बरेच जण झाले' असं म्हणणाऱ्याचं उत्तर बरोबर आलं, कारण मात्र चुकलं. याच वाक्यात शब्दांची अदलाबदल केली, 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर ____ रेडी', की तो पुन्हा 'आर' म्हणणार आणि या वेळी मार्क गमावणार. कारण इथे 'इज' हवं.

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीसारख्या गावात हा प्रश्न फक्त व्याकरणाचा राहत नाही. तेरणा साखर कारखान्याचं गाव अशी ढोकीची ओळख. ऊस, सोयाबीन आणि पावसाच्या भरवशावर चालणाऱ्या या पट्ट्यातली मुलं नोकरीच्या परीक्षांची तयारी करतात, तेव्हा गणितापेक्षा इंग्रजीचाच धसका जास्त असतो. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न आणि ५० गुण असतात. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. म्हणजे 'इज' की 'आर' यात गडबड झाली, तर फरक अडीच गुणांचा. बँकांच्या परीक्षांतही चुकीच्या उत्तराचा पाव गुण जातो. कटऑफ अर्ध्या-पाव गुणावर अडकतो, हे तयारी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि तरीही हा नियम बहुतेक ठिकाणी 'दुसरा कर्ता बघा' या तीन शब्दांत उरकला जातो. तो का आहे, हे कुणी सांगत नाही. मराठी माणूस हाच नियम रोज बोलताना पाळतो, हे तर त्याहून नाही.

आधी नियम, एका मिनिटात

इंग्रजीत दोन कर्ते जोडण्याच्या तीन तऱ्हा आहेत. तिन्हींचा हिशेब वेगळा.

१. बेरीज: 'अँड' आणि 'बोथ... अँड'. इथे दोघं मिळून अनेक होतात, क्रियापद अनेकवचनी. 'द टीचर अँड द स्टुडंट आर रेडी.'

२. निवड: 'ऑर', 'आयदर... ऑर', 'नायदर... नॉर'. 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' ही जोडीही याच रांगेत बसते. इथे बेरीज होत नाही. क्रियापद आपल्या सर्वांत जवळच्या कर्त्याचं ऐकतं.

३. सोबत: 'अ‍ॅज वेल अ‍ॅज', 'अलाँग विथ', 'टुगेदर विथ'. इथे मुख्य कर्ता एकच, तो पहिला. मागून येणारे फक्त सोबती. 'द टीचर, अलाँग विथ द स्टुडंट्स, इज रेडी.'

नियम एवढाच. आता त्यामागचं कारण.

'किंवा' लावलं की बेरीज का होत नाही?

'अँड' म्हणजे आणि. रमेश आणि सुरेश येणार म्हटलं की दोन ताटं वाढायची. 'ऑर' म्हणजे किंवा. रमेश किंवा सुरेश येणार म्हटलं की ताट एकच. दोन नावं घेतली म्हणून माणसं दोन होत नाहीत. म्हणून 'रमेश ऑर सुरेश इज कमिंग' असं एकवचन येतं.

दोन्ही कर्ते एकवचनी असतील तर प्रश्नच नाही. दोन्ही अनेकवचनी असले तरी नाही. अडचण येते ती एक एकवचनी आणि दुसरा अनेकवचनी असला की. एकाच क्रियापदाला दोघांचं एकाच वेळी ऐकता येत नाही. मग ते शेजाऱ्याचं ऐकतं. व्याकरणात याला जवळच्या कर्त्याचा नियम म्हणता येईल.

'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'मध्ये खरं तर दोघंही हजर असतात. तरी क्रियापद जवळच्याकडेच जातं, कारण वाक्याचा भर दुसऱ्या भागावर असतो. 'नॉट ओन्ली द हेडमास्टर बट ऑल्सो द टीचर्स वेअर प्रेझेंट' या वाक्यात हेडमास्टरांचं क्रियापद जणू गिळलेलं आहे. उरलेलं 'वेअर' टीचर्सचं आहे. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो वापरून वाक्य पुन्हा लिहा' हा नेहमीचा प्रश्न. पण तिथे दोन्हीकडे बहुधा कर्ता एकच असतो, बदलते ती क्रिया किंवा विशेषण. त्यामुळे कर्तेच दोन आले तर क्रियापदाचं काय, हा प्रश्न दहावीत फारसा समोर येत नाही. तो उभा राहतो थेट स्पर्धा परीक्षेत.

हा नियम तर मराठीतही आहे!

आता इंग्रजी बाजूला ठेवा आणि ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा.

'कारखान्याचा भोंगा किंवा रेल्वेची शिट्टी वाजली.'

'रेल्वेची शिट्टी किंवा कारखान्याचा भोंगा वाजला.'

पहिल्यात 'वाजली', दुसऱ्यात 'वाजला'. शब्द तेच, फक्त जागा बदलल्या. क्रियापदानं दोन्ही वेळा शेजाऱ्याचं ऐकलं. हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. 'टोळी किंवा ट्रॅक्टर आला नाही' असं म्हणणारा ऊस उत्पादक शेतकरी 'ट्रॅक्टर किंवा टोळी आली नाही' असंही सहज म्हणतो. 'आला' कुठे आणि 'आली' कुठे, याचा तो क्षणभरही विचार करत नाही.

'केवळ मुख्याध्यापकच नव्हे, तर शिक्षिकाही आल्या होत्या.' इथे 'आल्या' हे शिक्षिकांचं क्रियापद आहे, मुख्याध्यापकांचं नाही. हेच 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो'.

'मी किंवा तू जाशील.' 'तू किंवा मी जाईन.' इथे तर पुरुषही बदलला. इंग्रजीतही तंतोतंत असंच होतं. 'आयदर यू ऑर आय अ‍ॅम गोइंग' हे वाक्य कानाला विचित्र वाटतं, पण 'अ‍ॅम' आलं ते 'आय' शेजारी आहे म्हणून.

मराठी क्रियापदाचं काम इंग्रजीपेक्षा कितीतरी अवघड आहे. 'येणे'चा साधा भूतकाळ घ्या. आला, आली, आलं, आले, आल्या, आली. लिंग बघायचं, वचन बघायचं. इंग्रजीत या सगळ्यासाठी एकच शब्द, 'केम'. इंग्रजी क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं ते मोजक्याच ठिकाणी. इज-आर-अ‍ॅम, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डू-डज आणि साध्या वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याला लागणारा 'एस' किंवा 'ईएस'. एवढी घरं सांभाळली की झालं. सहा रूपं बिनचूक बोलणाऱ्या मुलाला दोन रूपांचं कोडं पडतं, तेव्हा कमतरता त्याच्या डोक्यात नाही. दोन भाषांमधला पूल कुणी दाखवलेला नसतो, एवढंच.

मग चुकतं कुठे?

नियम सारखाच आहे तर चुका का होतात? कारण मराठी 'किंवा'च्या वेळी मदत करते, पण चार ठिकाणी चकवतेही. चुका कुठून येतात, हे कळलं की त्या आवरता येतात.

चकवा पहिला: 'आणि'

'टेबल आणि खुर्ची मोडली आहे.' हे वाक्य मराठीत अगदी सहज येतं. 'डबा आणि पिशवी हरवली' हेही. वस्तू दोन, तरी क्रियापद एकवचनी. निर्जीव वस्तू जोडताना बोलती मराठी 'आणि'लाही शेजाऱ्याचाच नियम लावते. माणसं आली की मात्र बेरीज करते, 'आई आणि बाबा आले'.

इंग्रजीत असा भेद नाही. 'अँड' आलं की बेरीज, मग माणसं असोत की खुर्च्या. 'द टेबल अँड द चेअर आर ब्रोकन.' मनात मराठी वाक्य ठेवून लिहिणारा इथे 'इज' लिहितो. 'मोडली आहे' या एकवचनाचं ते सरळ भाषांतर असतं.

अपवादही मराठीतूनच समजतो. 'पिठलं-भाकरी तयार आहे', 'वरण-भात झाला'. ताटात दोन पदार्थ, पण जेवण एक. 'ब्रेड अँड बटर इज माय ब्रेकफास्ट' यातलं 'इज' त्याच कारणानं येतं. एकाच माणसाच्या दोन ओळखी असतील तरीही तसंच. 'द पोएट अँड टीचर इज हिअर' म्हणजे कवी असलेले शिक्षक, एकच व्यक्ती. 'द पोएट अँड द टीचर आर हिअर' म्हणजे दोन व्यक्ती. 'द' किती वेळा आला, हे मोजायचं.

चकवा दुसरा: क्रियापद दोनदा

मराठीत 'ना... ना' वापरताना क्रियापद बहुतेक वेळा दोनदा येतं. 'ना सर आले, ना मुली आल्या.' 'पाऊसही पडला नाही, वीजही आली नाही.' प्रत्येक कर्त्याला स्वतःचं क्रियापद मिळतं, भांडणच मिटतं. इंग्रजी 'नायदर... नॉर'मध्ये कर्ते दोन आणि क्रियापद एक. मराठी बोलणाऱ्याला ही टंचाई सवयीची नाही.

उपाय सोपा आहे. इंग्रजी वाक्य मनात मराठीसारखं दोन भागांत फोडायचं आणि क्रियापद फक्त दुसऱ्या भागात ठेवायचं. जे उरतं, तेच उत्तर.

चकवा तिसरा: आदर

'सर आले आहेत.' सर एकच, क्रियापद अनेकवचनी. हे आपल्याकडचं आदरार्थी बहुवचन. गुरुजी आले, मॅडम आल्या, तात्या म्हणाले. इंग्रजीत क्रियापद मान देत नाही, फक्त मोजतं. त्यामुळे 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर आर रेडी' असं लिहिणारा विद्यार्थी कदाचित नियम विसरलेला नसतो. त्याच्या मनात सर 'आले' असतात, 'आला' नव्हे. शिक्षकाला 'इज' लावताना हात अडखळतो. पण इंग्रजीत तो अपमान नाही, हिशेब आहे.

चकवा चौथा: कर्माचं ऐकणारं क्रियापद

'मुलीने किंवा मुलांनी डबा खाल्ला आहे.' 'मुलीने किंवा मुलांनी पोळी खाल्ली आहे.' इथे क्रियापद मुलीचंही ऐकत नाही आणि मुलांचंही नाही. ते डब्याचं आणि पोळीचं ऐकतं. हा कर्मणी प्रयोग. मराठीत भूतकाळ बोलताना तो क्षणोक्षणी येतो.

इंग्रजीत असं कधीच होत नाही. 'आयदर द गर्ल ऑर द बॉईज हॅव ईटन द टिफिन.' टिफिन एक आहे म्हणून 'हॅज' लिहिलं की चूक. इंग्रजी क्रियापदाला कर्त्याशीच बांधील राहावं लागतं, कर्म किती का असेनात.

'सोबत' म्हणजे 'आणि' नव्हे

परीक्षेत सर्वाधिक फसवणारी जागा हीच असावी. 'द सरपंच, अलाँग विथ द मेंबर्स, ____ अराइव्हड.' अर्थ बघितला तर सरपंच आणि सदस्य सगळेच आले. मग 'हॅव' का नाही?

पुन्हा मराठीकडे या. 'सदस्यांसोबत सरपंच आला.' 'सदस्यांसोबत' हा शब्द बघा. सदस्य या नामाला 'सोबत' चिकटलं आणि त्या नामाचं रूप बदललं. असं शेपूट लागलेलं नाम आता कर्ता राहिलं नाही. क्रियापद सदस्यांकडे ढुंकूनही बघत नाही, मग ते सात असोत की सतरा.

मराठी व्याकरणात यासाठी दोन वेगळे शब्द शाळेतच शिकवले जातात. 'आणि', 'किंवा' ही उभयान्वयी अव्ययं. ती दोन कर्त्यांना बरोबरीनं बसवतात. 'सोबत', 'बरोबर', 'सह' ही शब्दयोगी अव्ययं. ती नामाला चिकटतात आणि त्याला मुख्य रांगेतून उठवतात. 'अलाँग विथ' आणि 'टुगेदर विथ' हे इंग्रजीतले 'सोबत' आहेत. 'अ‍ॅज वेल अ‍ॅज'लाही परीक्षेच्या व्याकरणात तीच वागणूक मिळते.

फरक एवढाच की मराठीत सोबती सहसा आधी येतो आणि मुख्य कर्ता क्रियापदाजवळ. इंग्रजीत मुख्य कर्ता आधी आणि सोबती क्रियापदाजवळ. म्हणून शेजाऱ्याचा नियम इथे लावला की फसगत होते. 'मेंबर्स' शेजारी असले तरी ते शेपूट लागलेले सोबती आहेत. उत्तर 'हॅज'.

सातवी-आठवीत पाठ केलेले 'शब्दयोगी' आणि 'उभयान्वयी' हे शब्द फक्त मराठीच्या पेपरापुरते नसतात, ते असे.

'दुसरा कर्ता बघा' कुठे फसतं?

क्लासमधला हा शॉर्टकट साध्या विधानात चालतो. प्रश्नार्थक वाक्यात तो उलटतो.

'हॅज आयदर द सरपंच ऑर द मेंबर्स अराइव्हड?' इथे क्रियापद वाक्याच्या सुरुवातीला गेलं. आता त्याच्या शेजारी कोण आहे? पहिला कर्ता, सरपंच. म्हणून 'हॅज'. 'दुसरा कर्ता' म्हणून 'हॅव' लिहिणारा इथे मार खातो. जागा बदला, 'हॅव आयदर द मेंबर्स ऑर द सरपंच अराइव्हड?' शेजारी मेंबर्स, म्हणून 'हॅव'.

म्हणून शब्द 'दुसरा' नको, 'जवळचा' हवा. फरक एका शब्दाचा आहे, पण पहिल्या शब्दात फक्त पाठांतर आहे आणि दुसऱ्यात कारण.

आणखी एक ठिकाण. 'नायदर ऑफ द बॉईज इज रेडी.' इथे 'नायदर' आहे, पण 'नॉर' नाही. जोडी तुटली की नियम बदलतो. 'ऑफ' पुढे आला की 'नायदर' स्वतःच कर्ता होतो, अर्थ 'दोघांपैकी एकही नाही'. परीक्षेच्या व्याकरणात त्याला एकवचन लागतं. शेजारी 'बॉईज' आहेत, पण ते 'दोघांपैकी'मधले आहेत. पुन्हा शेपूट लागलेले.

नियमही एकमताचा नाही

हा नियम आभाळातून पडलेला नाही. अठराव्या शतकात इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं नियम घालून देऊ लागली. रॉबर्ट लोथ यांचं व्याकरण १७६२ मध्ये आलं, लिंडली मरे यांचं १७९५ मध्ये. 'अँड'नं बेरीज, 'ऑर'नं एकवचन ही शिस्त अशा पुस्तकांतून शाळांमध्ये रुजली. पण चांगले इंग्रजी लेखक तेव्हाही 'नायदर... नॉर'ला अनेकवचन लावत होते आणि आजच्या बोलण्यात तर ते सर्रास ऐकू येतं.

भारतातल्या शाळांसाठी इंग्रजांच्या काळात लिहिलेलं रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आजही स्पर्धा परीक्षांच्या टेबलावर दिसतं. त्यात सल्ला वेगळ्या ढंगाचा आहे. एक कर्ता एकवचनी आणि एक अनेकवचनी असेल, तर अनेकवचनी कर्ता क्रियापदाजवळ ठेवा आणि क्रियापद अनेकवचनी करा. म्हणजे 'नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर इज रेडी' हे वाक्य चूक ठरवण्याऐवजी ते तसं लिहूच नका, असा रोख. आजच्या लेखन-मार्गदर्शिका शेजाऱ्याचा नियम मान्य करतात, पण वाक्य कानाला खटकत असेल तर बदलून लिहा, असंच त्यांचंही म्हणणं असतं.

मराठीतही व्याकरण असंच घडत गेलं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ चं. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. शाळेत आपण शब्दांच्या ज्या आठ जाती शिकतो, त्यांची मांडणी इंग्रजी व्याकरणाच्या आठ जातींशी मिळतीजुळती आहे. म्हणजे इंग्रजी आणि मराठी व्याकरण शेजारी ठेवून शिकवण्याची सोय जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच तयार होऊ लागली होती. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या पुस्तकांवर महाराष्ट्रातल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर ठेवूनच.

मग काय करायला हवं?

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. त्याआधी ते पाचवीपासून सुरू व्हायचं. वर्षं वाढली, पण पद्धत पुष्कळ ठिकाणी पाठांतराचीच राहिली. इंग्रजी शिकवायचं तर मराठी वर्गाबाहेर ठेवायची, हा समज त्यात भर घालतो. 'नायदर-नॉर'चं उदाहरण नेमकं उलटं सांगतं. मराठी बाहेर ठेवली तरी ती विद्यार्थ्याच्या मनातून जात नाही. ती चुपचाप 'टेबल आणि खुर्ची मोडली आहे' म्हणत राहते आणि हातून 'इज' लिहून घेते. तिला फळ्यावर आणलं तरच ती शत्रूऐवजी सोबती होते.

शिक्षकांनी या धड्याची सुरुवात 'भोंगा किंवा शिट्टी वाजली'पासून करावी. पाच मिनिटं लागतील. नियम मुलांकडूनच निघेल, कारण तो त्यांच्या तोंडात आहे. त्यानंतर मराठी कुठे चकवते ते सांगावं. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला यासाठी ना अ‍ॅप लागतं, ना महागडा क्लास.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. ज्या वाक्यावर व्याकरणाच्या पुस्तकांचंच एकमत नाही, त्यावर चार पर्याय देऊन गुण कापणं न्याय्य नाही. समोर अनेकवचनी कर्ता क्रियापदाजवळ ठेवलेली निर्विवाद वाक्यं भरपूर आहेत. विद्यार्थ्याला नियम कळला का, हे तपासायला तेवढी पुरेशी आहेत.

आणि उमेदवारांनी? प्रश्न समोर आला की चार पायऱ्या.

एक: जोडणारा शब्द शोधा. तो बेरजेचा आहे, निवडीचा आहे की सोबतीचा?

दोन: बेरीज असेल तर अनेकवचन. मात्र 'पिठलं-भाकरी' तर नाही ना, बघा.

तीन: निवड असेल तर क्रियापदाला खेटून कोण उभं आहे, ते बघा. वाक्य प्रश्नार्थक असेल तर दिशा बदलते.

चार: सोबत असेल तर सोबत्यांवर बोट ठेवून झाका. उरलेल्या कर्त्याचं ऐका.

परीक्षेबाहेर, अर्ज किंवा ईमेल लिहिताना, पाचवी पायरीही आहे. वाक्य अडखळत असेल तर अनेकवचनी कर्ता शेवटी न्या किंवा वाक्यच बदला. 'आयदर यू ऑर आय अ‍ॅम गोइंग'शी झगडण्यापेक्षा 'वन ऑफ अस इज गोइंग' लिहिलं की काम झालं.

स्वतःला तपासा

१. आयदर द ट्रॅक्टर ऑर द बुलक कार्ट्स ____ कमिंग. (इज / आर)

२. नायदर द फार्मर्स नॉर द मुकादम ____ हॅपी. (इज / आर)

३. नॉट ओन्ली द बस बट ऑल्सो द ट्रेन्स ____ लेट टुडे. (इज / आर)

४. द मुकादम, टुगेदर विथ द वर्कर्स, ____ लेफ्ट. (हॅज / हॅव)

५. ____ आयदर द टीचर्स ऑर द हेडमास्टर अराइव्हड? (हॅज / हॅव)

६. द डोअर अँड द विंडो ____ ओपन. (इज / आर)

७. पिठलं अँड भाकरी ____ माय फेव्हरेट डिनर. (इज / आर)

उत्तरं: १. आर, शेजारी बैलगाड्या आहेत. २. इज, शेजारी एकटा मुकादम, आणि त्याला मान द्यायला 'आर' लागत नाही. ३. आर. ४. हॅज, वर्कर्स सोबती आहेत. ५. हॅव, प्रश्नात शेजारी टीचर्स आले. ६. आर, 'खिडकी उघडी आहे' हे मनातलं मराठी एकवचन इथे चालत नाही. ७. इज, ताट एकच आहे.

सातपैकी सात आले असतील तर उत्तमच. पाचवा किंवा सहावा चुकला असेल, तर पुस्तक उघडण्याआधी तेच वाक्य एकदा मराठीत म्हणून बघा. मराठी कुठे साथ देते आणि कुठे चकवते, ते लगेच कानाला कळेल. त्यानंतर तो प्रश्न पुन्हा चुकणं अवघड आहे.